सोनेरी किरणांची चोरी

माझ्यावर चोरीचा आळ आला त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते आणि बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर प्रेरणेचा सातवा भाग एकटाच चालू होता.

'प्रेरणा' म्हणजे शाळेने आमच्या गळ्यात बांधलेलं लोढणं. लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांचा व्यावसायिक विकास व्हावा म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम, त्याचे बारा भाग. प्रत्येक भागात एक व्हिडिओ, व्हिडिओनंतर पाच प्रश्न, आणि प्रश्न सुटले की पडद्यावर एक चकाकता बिल्ला. व्हिडिओत बाह्या दुमडलेला एक तरुण प्रशिक्षक दोन्ही हात हवेत फिरवत सांगायचा, "तुमच्या आतल्या लेखकाला हाक मारा!" मी दोनदा मारली. आतून कोणी ओ दिली नाही. तेव्हापासून मी व्हिडिओ लावून द्यायचे आणि घरातली कामं उरकायचे. प्रश्नांचं काही अडत नसे. सगळ्यात लांबलचक पर्याय तोच बरोबर, हे मी पहिल्याच भागात ताडलं होतं. बावीस वर्षं परीक्षा घेतल्या आहेत, एवढं कळणारच.

सहाव्या भागात मात्र पर्याय नव्हते. 'शाळेतला माझा पहिला दिवस' या विषयावर स्वतः पाचशे शब्द लिहून पाठवा, असं फर्मान होतं. ते काय मोठं! हाच विषय मी दरवर्षी मुलांना देते. बसल्या बैठकीला लिहिलं, शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून मोकळी झाले. त्याचा निकाल आता आला होता.

"अगं," नवऱ्याने बाहेरून हाक मारली, "तुझी चोरी पकडली म्हणे."

"कसली चोरी?"

"इथे लिहिलंय. तुमचे लेखन एकशे एक्केचाळीस निबंधांशी जुळते. सरासरी सत्त्याऐंशी टक्के." त्याने पडद्याला नाक लावून पुढचं वाचलं. "निबंध तुमच्या शाळेतल्या मुलांचे आहेत. सात दिवसांत खुलासा द्या."

गेल्या वर्षी शाळेने मुलांच्या निबंधाच्या सगळ्या वह्या स्कॅन करून कॉम्प्युटरात भरल्या होत्या. कशासाठी, ते कोणीच विचारलं नव्हतं. आता कळलं. आधी मला हसू आलं आणि हसता हसताच मी हातातल्या ताटलीसकट खुर्चीत बसले.

"अहो, मी पोरांचं कशाला चोरेन? पोरांनी माझं घेतलंय. मीच सांगते त्यांना."

"काय सांगतेस?"

"सुरुवात. शेवट. आणि मधले मुद्दे."

"मग राहिलं काय?"

"अक्षर," मी म्हणाले.

नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. आमच्या पुढच्या खोलीत पाहुण्यांच्या आधी प्लॅस्टरचे जबडे दिसतात. तो कमी बोलतो, पण बोलला की दिवसभराचं सगळं एकदम वसूल करतो. "मी एका साच्यातून दोन कवळ्या काढल्या," तो म्हणाला, "तर लोक मला जोड्याने मारतील. ज्याचं त्याचं तोंड, ज्याचं त्याचं माप."

"दात वेगळे आणि निबंध वेगळे."

"तेही खरंच. दात निदान चावतात."

त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते बराच वेळ लक्षातही आलं नाही.

आता माझी बाजू सांगते. कधीकाळी, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी एक निबंध रचला होता. 'सूर्य आपल्या सोनेरी किरणांची उधळण करत होता. पाखरांचा किलबिलाट वातावरण भारून टाकत होता.' तिथून सुरुवात, आणि शेवटी 'तो दिवस माझ्या हृदयाच्या कप्प्यात कायमचा कोरला गेला.' मधे विषयाप्रमाणे सहल, आई, परीक्षा, कुत्रा, काहीही घाला. हमखास आठ मार्क. ज्यांना दोन ओळी सुचत नव्हत्या अशी कितीतरी पोरं मी या किरणांवर पैलतीराला लावली आहेत. पालक पेढ्यांऐवजी आशीर्वाद देऊन गेले आहेत. मुलं पाठीमागे मला 'सोनेरी किरण' म्हणतात हे मला ठाऊक आहे. गणिताच्या सरांना 'बाकी शून्य' म्हणतात, त्यापेक्षा पुष्कळ बरं.

पण आता पाणी गळ्याशी आलं होतं. सत्राच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, की जो शिक्षक हा अभ्यासक्रम पार करणार नाही त्याच्या लेखनाच्या तासाला येत्या सुट्टीनंतर रेकॉर्ड केलेले धडे लावले जातील. शाळेने ते विकत घेऊनच ठेवले होते. शिक्षकाने बाजूला उभं राहून शिस्त राखायची. वरच्या वर्गाचा लेखनाचा तास बावीस वर्षं माझा आहे. व्याकरण घ्या, हस्ताक्षर घ्या, वाटल्यास स्नेहसंमेलनातली ती बेसूर गाणी बसवायला द्या, पण त्या तासाला हात लावू नका. चाळीस माना एकदम वहीवर वाकतात ना, ते बघायलाच मी रोज शाळेत जाते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. नवीन आली तेव्हा हजेरीपट कसा भरायचा ते हिला मीच शिकवलं होतं. आता ती काचेच्या टेबलापलीकडे बसते आणि मी तिला मॅडम म्हणते.

"बाई, बसा. हे काय झालं?"

"मॅडम, ते लेखन माझं स्वतःचं आहे. पोरांना मीच लिहून देते."

"एकशे एक्केचाळीस पोरांना?"

"सगळ्यांना. मी भेदभाव करत नाही."

तिने ओठ आवळले. हसू दाबत होती की राग, कळलं नाही. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "मोकळेपणाने सांगते. तुम्ही मुलांचं उचललं असेल, तर ती एक चूक झाली. माफीपत्र द्या, दुसरं लिहा, तास तुमच्याकडेच राहील. पण तुम्ही उचललं नसेल, तर याचा अर्थ तुमच्या तासाला मुलं लेखन करत नाहीत, श्रुतलेखन करतात. मग रेकॉर्ड केलेला धडा काय वाईट? तो न थकता सांगतो, आणि त्याला सर्दीही होत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर तास गेला, आणि तास वाचवायचा तर न केलेली चोरी कबूल करायची, तीही माझ्याच किरणांची. ज्याची पिलं त्यानेच ती शेजारच्या खुराड्यातून पळवली म्हणायचं! माझ्या आयुष्यात मी स्वतः रचलेलं तेवढं एकच काय ते होतं, आणि तेही सोडून द्यायची वेळ आली होती. मी गिळला सगळा मान.

"उचललं," मी म्हणाले.

"काय?"

"चोरी केली, मॅडम. मोह झाला."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग कॉम्प्युटरवर कबुलीचा अर्ज उघडला आणि भराभर भरू लागली. एका रकान्याशी तिची बोटं थांबली. "मूळ लेखकाचं नाव विचारतंय. कोणाचं उचललंत?"

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. हुशार पोराचं नाव घेतलं तर तो गावभर करणार. मस्तीखोराचं घेतलं तर त्याचा बाप शाळेत येणार. म्हणून जिचा आवाज मी वर्षात दोनदाही ऐकला नसेल अशा मुलीचं नाव मी सांगितलं. शेवटच्या बाकावर बसते, खिडकीला लागून. मी तिला मनात खिडकीवाली म्हणते. ती काही बोलणार नाही याची मला खात्री होती.

मुख्याध्यापिकांनी नाव टाकलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा टाकलं.

"बाई, गेल्या वर्षी तुमचे निबंध किती होते?"

"एकशे बेचाळीस."

"आणि तुमच्याशी जुळले एकशे एक्केचाळीस. जो एक जुळला नाही तो हिचा आहे. दोन टक्के. ते दोनही बहुतेक 'शाळेत' आणि 'मी' या शब्दांचे असावेत."

मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने पडदा माझ्याकडे वळवला. स्कॅन केलेलं पान होतं, अक्षर किडकं, खाली माझं लाल पेन. तिने मोठ्याने वाचलं.

'पहिल्या दिवशी मला दादाचे बूट घातले होते. ते मोठे होते म्हणून पुढे कागद कोंबला होता. चालताना कागद वाजायचा. घंटा झाली तेव्हा मला वाटलं शाळा संपली. ती मधल्या सुट्टीची होती. मी घरी गेले. दाराला कुलूप होतं. आई कामावर गेली होती. मी पायरीवर बसून बुटातला कागद काढला आणि वाचायला लागले. मला वाचता येत नव्हतं. समोरच्या आजोबांनी विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं, लिहिलंय की आई येते आहे.'

एवढंच. त्याखाली मी लिहिलं होतं: 'विषयाला सोडून. निसर्गवर्णन नाही. शेवट नाही.' आणि दहापैकी चार.

मला लाज वाटली. खोटं पकडलं गेलं त्याची वाटली तशी नाही, ती माझ्या अंगवळणी पडते आहे. ही वेगळी होती. हे पान मी गेल्या वर्षी हातात धरलं होतं, आणि मला त्यात फक्त किरणं नसलेली दिसली होती.

"हे नाव मी खोडते," मुख्याध्यापिका हळूच म्हणाली. "तुम्ही ते घेतलं नाहीत आणि मी ऐकलं नाही. आता एकच करता येईल. शुक्रवारी वरच्या वर्गाला निबंध लिहायला द्या. विषय मी देईन. तासभर तुम्ही तोंडातून एक शब्द काढायचा नाही. त्या वह्या आपण मशीनला घालू. एकमेकांशी वीस टक्क्यांच्या आत जुळल्या तर तास तुमचा. नाही तर रेकॉर्डिंग. आणि अभ्यासक्रमाचं तुमचं लेखनही त्याच तासाला लिहा, मुलांबरोबर."

"एक शब्दही नाही?"

"शिंकलात तर चालेल."

शुक्रवारपर्यंत मला चैन पडेना. गुरुवारी मधल्या सुट्टीत मी खिडकीवालीला गाठलं. ती बाकावर एकटी पेन्सिलला टोक करत होती.

"तुझा तो गेल्या वर्षीचा निबंध," मी म्हणाले, "मी परत वाचला. बुटांचा."

ती घाबरून उभी राहिली. "बाई, तो निबंध नव्हता."

"मग?"

"ते खरंच झालं होतं. निबंध मला येत नाही."

बावीस वर्षांत कोणी माझा इतका अपमान केला नव्हता, आणि या पोरीला आपण तो केलाय याची गंधवार्ताही नव्हती. "फार छान लिहिलं होतंस," एवढं मी कसंबसं म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? माझ्याच अक्षरात चार मार्क होते.

शुक्रवारी मुख्याध्यापिका वर्गाच्या मागे खुर्ची टाकून बसली, माझ्या तोंडावर पहारा ठेवायला. तिने फळ्यावर विषय लिहिला: 'हा तास'. एक्केचाळीस चेहरे सवयीने माझ्याकडे वळले. मी टेबलाशी बसले आणि पेन उघडलं.

"बाई, सुरुवात?" कोणीतरी विचारलं.

मी मान हलवली.

"बाई, निसर्गवर्णन कुठे घालायचं?"

मी पुन्हा मान हलवली. वर्गात कुजबुज झाली. एक मुलगी तर रडकुंडीला आली. "बाई, निदान पहिलं वाक्य तरी!" सोनेरी किरणं माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन उभी होती. मी दात आवळले. मागून मुख्याध्यापिकेने बोट ओठांवर ठेवून मला दाखवलं, जसं काही मी पहिलीतली पोर आहे.

पाच मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. मग पहिल्या बाकावर 'रेडिओ' हलला. या पोराचं तोंड झोपेतही चालू असतं असं त्याची आईच सांगते. तो शेजाऱ्याकडे झुकून पुटपुटला, "लिही: आज बाईंनी काहीच सांगितलं नाही." शेजाऱ्याने लिहिलं. मागच्याने ऐकलं, त्याने लिहिलं. बघता बघता ते वाक्य बाकामागून बाक सरकत गेलं आणि माना एकापाठोपाठ एक वहीवर वाकल्या.

माझं धाबं दणाणलं. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच! सवय माझीच लावलेली, एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं. मी नाही सांगितलं तर रेडिओने सांगितलं. डोळ्यांसमोर टक्के चढू लागले. ओरडून थांबवावं तर तोंड बंद. मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. डस्टर झटकला. घोटभर चहा घेतला, तो थंड झाला होता. पेनाचं टोपण चावलं. शेवटी काहीच करण्यासारखं उरलं नाही म्हणून खाली बसून मी स्वतः लिहायला लागले.

काय लिहावं ते सुचेना. सूर्य उगवू द्यायचा नाही असं ठरवलं तर माझ्याकडे शिल्लकच काही नव्हतं. मग मी लिहिलं, 'एका मुलीने मला तिच्या बुटांबद्दल सांगितलं आणि मी तिला चार मार्क दिले.' पुढे आपोआप आलं. शाई कमी पडेल इतकं आलं. घंटा झाली तेव्हा मला वाटलं कोणीतरी चुकून वाजवली.

सोमवारी मुख्याध्यापिकेने मला बोलावलं. टेबलावर एक्केचाळीस वह्यांचा गठ्ठा होता. मी हात जोडून उभी राहिले, देवापुढे नव्हे, मशीनपुढे.

"तुमचं लेखन कशाशीच जुळलं नाही. अभ्यासक्रमाने तुम्हाला बिल्ला दिलाय," ती म्हणाली.

"आणि पोरांचं?"

"अकरा टक्के."

"पण पहिलं वाक्य..."

"पहिलं वाक्य चाळीस जणांचं सारखं आहे. तेच अकरा टक्के." तिने गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि आता मात्र ती उघड उघड हसत होती. "तास तुमचा, बाई. पण वह्या घरी नेऊन वाचा. दार लावून वाचा."

मी तिथेच उघडल्या. पहिलं वाक्य खरंच सगळीकडे तेच होतं. दुसऱ्या वाक्यापासून मात्र प्रत्येकाने माझी वेगळी खोड टिपली होती. बघण्यासारखं वर्गात दुसरं काहीच घडत नव्हतं, म्हणून चाळीस पोरांनी तासभर मला न्याहाळलं होतं. एकाने लिहिलं होतं की बाई विचार करताना पेनाचं टोपण चावतात आणि म्हणून ते टोपण त्या कोणाला उसनं देत नाहीत. एकीने लिहिलं होतं, बाईंनी एकच डस्टर तीनदा झटकला, फळा स्वच्छच होता. रेडिओने दोन पानं भरून हिशोब मांडला होता की बाईंना बोलायचं नसतं तेव्हा त्यांचा डावा कान लाल होतो. मी नंतर आरशात पाहिलं, होतो. एका मुलाने लिहिलं होतं, 'बाई स्वतः लिहायला बसल्या तेव्हा त्यांनी सुद्धा आधी खोडलं. मला बरं वाटलं.'

खिडकीवालीने मात्र रेडिओचं वाक्य घेतलं नव्हतं. तिने लिहिलं होतं: 'बाईंना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी चार वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं उठून म्हणावं, सांगा बाई, आम्ही उतरवून घेणार नाही, नुसतं ऐकू.'

माझे डोळे भरून आले. मुख्याध्यापिकेसमोर रडायचं नाही एवढं एकच तत्त्व मी आजवर पाळलं होतं, तेही गेलं. तिने मला लाल पेन दिलं.

खिडकीवालीला मी नऊ दिले. दहा देणार होते, पण मग तिला पुढे कुठे जायचं राहिलं नसतं. रेडिओला साडेसात, कानासाठी. टोपणवाल्याला आठ. घरी येऊन नवऱ्याला सगळ्या वह्या वाचून दाखवल्या, तर तो इतका हसला की त्याच्या हातातला जबडा खाली पडून फुटला, आणि मला म्हणाला, "आता निबंधही चावले!"

एकाने तेवढं लिहिलं होतं की बाई चहा पिताना असा आवाज करतात की मागच्या बाकापर्यंत ऐकू येतो. वर्णन उत्तम, निरीक्षण बारीक, भाषा स्वतःची. त्याला मी सहाच दिले. तसा आवाज मी करत नाही.